नवीन ड्युटी लागलीये? चूक कशी सांगायची आणि आभार कसे मानायचे

दर वर्षी आमच्याकडे नवीन मुलं येतात, नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम) झालेली, बीएस्सी झालेली, एखाद दोन लॅबवाले, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. विगो (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लागत नाही काय करू, अमुक सर ओरडतात काय करू, नाईट किती येतात. विगो लागायला लागतो हो, महिन्याभरात हात बसतो. पण ज्या दोन गोष्टींवरून वॉर्डमध्ये माणसं वर्ष वर्ष एकमेकांशी धड बोलत नाहीत त्या कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. एक, आपली चूक आपल्या तोंडाने सांगणं. दुसरी, कुणी आपल्याला वाचवलं असेल तर तेही आपल्याच तोंडाने सांगणं. मी पुण्यात वॉर्डमध्ये १६ वर्षं काढलीत आणि दोन्ही गोष्टी उशिरा शिकले, म्हणून हे लिहितेय. नर्सिंगवाल्यांसाठी लिहिलंय पण फार्मसी, लॅब, ओपीडी काउंटर, कुणीही वाचा, थोडंफार सगळीकडे तेच असतं.

आधी माझंच सांगते

नोकरीचं पहिलं वर्ष, मेल मेडिकल वॉर्ड, नाईट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. एकाच आडनावाचे दोन आजोबा होते, एक खिडकीकडे आणि एक दाराकडे, आणि सकाळी नाश्त्याच्या आधी त्यातल्या एकांना इन्सुलिन होतं. रात्रभर दोन ॲडमिशन झालेल्या, डोकं जड, मी सिरिंज भरली आणि आडनाव डोक्यात ठेवून सरळ खिडकीकडच्या आजोबांकडे गेले. नाव विचारायचं, हातातला बँड बघायचा, यूएचआयडी, म्हणजे पेशंटचा हॉस्पिटलमधला नंबर, जुळवायचा, सगळं माहीत होतं, केलं नाही. तिथे वॉर्डच्या मदतनीस मावशी चादर बदलत होत्या, त्या म्हणाल्या, "सिस्टर, शुगरवाले हे नाहीत, ते दाराकडचे. ते बिनसाखरेचा चहा मागतात रोज."

बास. एवढ्यावर वाचले. आजोबाही वाचले, ते महत्त्वाचं.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना, मी म्हणाले, "एक गोंधळ होता होता वाचला." इन्चार्ज सिस्टरने विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?" आणि मी म्हणाले, माझ्याच, बँड वाचला ना मी. मावशी तिथेच चार हातांवर लिनन मोजत होत्या. काही बोलल्या नाहीत.

दोन तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका पेशंटला बाथरूममध्ये चक्कर आली, मावशींनीच धरून आणून बेडवर बसवलं आणि मला सांगितलं नाही. पुढच्या राऊंडला मी बीपी घेतलं तर चांगलंच कमी. मी मावशींना विचारलं, अहो मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला कळलं असेल, तुम्ही वाचता ना सगळं."

त्या दिवशी मला राग आला होता. त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं हे कळायला बराच वेळ गेला. आभार मानले नाहीत की समोरचा रुसतो एवढंच नसतं, समोरचा सांगायचं बंद करतो, आणि हॉस्पिटलमध्ये सांगायचं बंद झालं की त्याचा मार पेशंटला बसतो.

पायरी १: पहिल्या आठवड्यात नावं

मदतनिसांना मामा, मावशी म्हणायला काही हरकत नाही, पुण्यात सगळीकडे तेच म्हणतात आणि त्यांनाही ते बरं वाटतं. पण एका शिफ्टला तीन मावशी असतात आणि तुम्ही ओव्हरमध्ये "मावशींनी सांगितलं" म्हणालात तर कुणी सांगितलं हे कुणालाच कळत नाही, मग ते श्रेय हवेत जातं. म्हणून नाव घेऊन मावशी म्हणा. हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटी बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर असतात, ड्रेसवर कंपनीचं नाव मोठं आणि त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नाही असं असतं, त्यामुळे विचारावं लागतं. विचारा, डायरीच्या मागच्या पानावर लिहा, लाजू नका.

करोनात ही गोष्ट मला फार जाणवली. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले पेशंट पुण्यातच सापडले, नायडू हॉस्पिटलला ॲडमिट होते, आणि मग पुढे सगळ्याच हॉस्पिटलांचं जे झालं ते तुम्हाला माहितीये. पीपीई घातल्यावर कोण कोण ते ओळखू यायचं नाही म्हणून छातीवर पाठीवर मार्करने नाव लिहायचो. डॉक्टर, सिस्टर, मामा, सगळ्यांची तीच पांढरी पिशवी आणि त्यावर नाव. पाच वर्षं सोबत काम केलेल्या एका मामांचं खरं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं, काय बोलायचं आता.

आणखी एक, कोण कुठून येतं तेही माहीत करून घ्या. कुणी कात्रजच्या पुढून येतं, कुणी हडपसरहून दोन बस बदलून. तुम्ही ओव्हर घ्यायला वीस मिनिटं उशिरा आलात तर त्या माणसाची नेमकी कुठली पीएमपी चुकते आणि पुढची किती वेळाने आहे हे माहीत असलं की उशिराचं "सॉरी हां" जरा वेगळं निघतं तोंडातून.

मल्याळी सिस्टर्स असतील तर एक शब्द शिकून घ्या, नन्नी. म्हणजे धन्यवाद. पहिल्यांदा म्हणालात की हसतील, उच्चार सुधारतील, आणि नंतर विगो लागत नसेल तर त्याच येतील मदतीला.

पायरी २: ओव्हर

जबाबदारी कुठे सुरू होते असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन ओव्हरला. स्टेशनवर रजिस्टर वाचून ओव्हर घेऊ नका, बेडपाशी जा. सलाईनची साईट सुजलीये का, पंपावर रेट काय आहे आणि ट्रिटमेंट शीटवर काय लिहिलाय, युरिन बॅग कधी रिकामी केली, कुठला रिपोर्ट यायचाय, कुठलं सॅम्पल जायचंय. हे सगळं बघून एकदा "घेतलं" म्हणालात की ते तुमचं. नंतर "मागच्या ड्युटीचं आहे" चालणार नाही, म्हणजे लोक म्हणतात, पण म्हणू नका.

देताना खरी गंमत असते. शाळेत आपल्याला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकवले, वॉर्डमध्ये चौथा चालतो, त्याला मी गायब प्रयोग म्हणते. डोस राहून गेला. सॅम्पल पाठवायचं राहिलं. विगो निघाला. चार्ट भरला गेला नाही. या वाक्यांमध्ये कुणी माणूसच नाहीये बघा, जणू काही डोस स्वतःच्या पायाने चालत जाणार होता आणि त्याला कंटाळा आला. आणि हेच काम चांगलं झालं की मात्र लगेच कर्ता हजर, मी केलं, मी बघितलं, माझ्या लक्षात आलं. मराठी आपल्याला पळवाट फार छान देते, म्हणून मुद्दाम लक्ष ठेवावं लागतं.

"दोनचा डोस राहून गेला" याच्या जागी हे म्हणून बघा (आरएमओ म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर): "दोनचा डोस मी वेळेवर दिला नाही, मी ॲडमिशनमध्ये अडकले होते, दोन चाळीसला लक्षात आलं, आरएमओंना विचारलं, त्यांनी लगेच द्या सांगितलं, पावणेतीनला दिला, पुढच्या डोसची वेळ त्यांनी बदलून लिहिलीये." लांब आहे, पण यात समोरच्या सिस्टरला जे जे लागतं ते सगळं आलं. "राहून गेला" यात तिला काहीच मिळत नाही, तिला परत तुम्हालाच फोन करावा लागणार आणि तुम्ही तोपर्यंत घरी जाऊन झोपलेल्या असणार.

पायरी ३: चूक झाली, आता?

क्रम पाठ करा. पेशंट, फोन, कागद, मग फॉर्म. रडायचं असेल तर त्यानंतर, चेंजिंग रूममध्ये, मीही रडलेय.

पेशंट म्हणजे आधी जे चाललंय ते थांबवा. चुकीचं सलाईन असेल तर बंद करा, बाटली फेकू नका, बाजूला ठेवा. व्हायटल्स, म्हणजे बीपी, पल्स वगैरे, घ्या. पेशंट पडला असेल तर ओढून उचलू नका, आधी शुद्ध, डोकं, कंबर, दुखतंय कुठे ते बघा आणि हाक मारून माणसं बोलवा. एकटीने निस्तरायला जाऊ नका, कुणाला कळायच्या आत नीट करू ही जी इच्छा होते ना, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

फोन म्हणजे आरएमओ आणि तुमची सिनियर. रात्रीचे तीन वाजले असले तरी. नवीन मुलांना तीनच्या फोनची फार भीती असते, झोपमोड होईल, ओरडतील. ओरडू देत. तुम्ही काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा, हॉस्पिटलांमध्ये याला एसबार म्हणतात, काय झालंय, मागचं काय आहे, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने. असं:

"सर, मेल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. माझ्याकडून चुकीच्या पेशंटला अँटिबायोटिक लागलंय, पाच मिनिटांपूर्वी, अंदाजे निम्मं गेल्यावर मी थांबवलं. पेशंट न्यूमोनियाचे आहेत, ॲलर्जी काही लिहिलेली नाही. आत्ता बीपी, पल्स, सॅच्युरेशन ठीक आहे, अंगावर पुरळ नाही. तुम्ही येऊन बघा, तोपर्यंत मी बेडपाशीच थांबते."

यात "सॉरी सर सॉरी सर" एकदाही नाहीये ते बघितलंत का. सॉरी नंतर म्हणता येतं. आणि "माझ्याकडून" पहिल्याच दमात आलंय, त्यामुळे समोरच्याला कोण, कसं, खरंच का हे विचारण्यात वेळ घालवावा लागत नाही. फोनवर जी ऑर्डर मिळेल ती लिहा, लिहिलेली परत वाचून दाखवा, त्यांच्याकडून हो ऐका, मग द्या, आणि ते आल्यावर सही घ्या.

मग कागद. नर्सेस नोट्समध्ये जे झालं ते वेळेसकट. चुकीचं लिहिलं गेलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाईटनर नाही. पान फाडणं तर नाहीच नाही. काही लिहायचं राहिलं असेल तर खऱ्या वेळेने नंतरची नोंद म्हणून लिहा, मागची वेळ टाकून मध्ये कोंबू नका. मी बघितलंय, मूळ चूक अगदी छोटी होती आणि व्हाईटनरने ती मोठी झाली.

शेवटी इन्सिडंट फॉर्म. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) असलेल्या हॉस्पिटलांत तो असतोच, क्वालिटीवाले सांगतात की फॉर्म शिक्षेसाठी नाही. खरं सांगायचं तर हे सगळीकडे खरं असतंच असं नाही, काही ठिकाणी फॉर्म भरला की दोन दिवस तोंडं वाकडी होतात. तरी भरा. होता होता वाचलेलंही भरा, माझ्या आजोबांसारखं. फॉर्ममध्ये मत नको, कुणी मुद्दाम केलं, अमुक नेहमीच असं करते, हे काही नको, फक्त काय, कधी, मग काय केलं. आणि कुणाच्या लक्षात आलं या रकान्यात खरं नाव लिहा, ते मी लिहिलं नव्हतं.

नातेवाईकांना तुम्ही एकटीने जाऊन काही सांगायचं नाही, ते काम कन्सल्टंटचं, सोबत तुमची सिनियर. पण म्हणून खोटंही बोलायचं नाही. विचारलंच कुणी तर "डॉक्टर येतायत, ते तुम्हाला सगळं सांगतील" एवढं पुरे. आणि वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं अक्षर टाकू नका, पेशंटचं नाव नाही, फोटो नाही, माफीचा मोठा मेसेजही नाही.

आता सुईचं वेगळं सांगते, कारण ती चूक पेशंटला नाही, आपल्याच माणसाला लागते. तुम्ही घाईत सुई ट्रेमध्ये कापसाखाली ठेवली किंवा लाल पिशवीत टाकली आणि ती पिशवी बांधताना मामांच्या बोटात घुसली. सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, सलाईनचे सेट, नळ्या, ग्लोव्हज लालमध्ये, रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात, काचेच्या व्हायल निळ्यात, २०१६ च्या नियमात हेच आहे आणि भिंतीवर चार्ट लावलेला असतो, तरी हे होतं. झालं तर मामांना म्हणू नका की काही होत नाही, स्पिरिट लावा. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच कॅज्युल्टीत न्यायचं. एचआयव्हीचं औषध सुरू करायचं ठरलं तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या पुढे जाता कामा नये, आणि मग ते २८ दिवस घ्यावं लागतं. हिपॅटायटिस बीची लस झालीये का तेही विचारलं जातं, कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांची बऱ्याचदा अर्धीच झालेली असते. तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत जा. सुई कुठल्या पेशंटची ते फक्त तुम्हालाच माहीत आहे, त्यामुळे "ती सुई मी ठेवली होती" हे वाक्य तिथे माफीपेक्षा उपचाराचा भाग आहे. नंतर रिपोर्ट येईपर्यंत विचारत राहा, एकदा सॉरी म्हणून मोकळं व्हायचं नाही.

पायरी ४: किती अंगावर घ्यायचं

नवीन मुलं दोन टोकांना असतात. काही जण गायब प्रयोगवाले आणि काही जण इतकं अंगावर घेतात की बघवत नाही, मीच वाईट, मला जमणारच नाही, राजीनामा देते. दोन्हीने काम अडतं.

आपला वाटा आपला म्हणा आणि उरलेला वाटा कशाचा तेही स्पष्ट सांगा. "मी लेबल वाचलं नाही, ही माझी चूक. आणि या दोन औषधांचे ॲम्प्युल सारखे दिसतात आणि एकाच कप्प्यात शेजारी ठेवलेत, ते वेगळे करायला हवेत." दुसरं वाक्य म्हणजे सबब नाही, पण क्रम महत्त्वाचा, पहिलं आधी. उलटं केलंत तर तीच सबब होते. पोटॅशियम क्लोराईडसारखी ॲम्प्युल साध्या सलाईनच्या ॲम्प्युलशेजारी ठेवणं किती धोक्याचं आहे हे तुम्हाला शिकवलेलंच आहे, ते थेट कधीच ढकलायचं नसतं, आणि तरी कप्पे लावताना कुणी घाई करतंच. त्या दिवशी तुम्ही बोललात तर पुढच्या बॅचची एखादी मुलगी वाचेल.

दुसऱ्याचं मात्र अंगावर घेऊ नका. न दिलेल्या डोसवर सही करू नका, "कर गं, मी विसरले" असं कुणी लाडाने सांगितलं तरी. नाही म्हणायला जड जातं, सिनियर असतात, डबा एकत्र खातो आपण. "ताई, मी तुमच्यासोबत आरएमओंना सांगायला येते, सही नाही करत" असं म्हणून बघा, मला हे एका ज्युनियरनेच ऐकवलं होतं आणि मी तेव्हा जाम चिडले होते.

दुसऱ्याची चूक दिसली तर बाजूला घेऊन सांगा, नातेवाईकांसमोर नाही. पण हात पेशंटपर्यंत पोचायला सेकंद उरले असतील तर मान अपमान काही बघू नका, "थांबा" म्हणा, मोठ्याने म्हणा. मावशींनी तेच केलं होतं.

इन्चार्ज ओरडल्या तर ऐकून घ्या, आणि संपल्यावर एकच विचारा, पुढच्या वेळी मी नेमकं काय वेगळं करू. ओरडणं तिथे थांबतं बहुतेक. नाही थांबलं तर त्यांची ड्युटी वाईट चाललीये, तुमचा दोष नाही.

पायरी ५: आभार

इथे आपली मराठी माणसांची अडचण आहे. घरात आईने ताट वाढलं तर आपण धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर आई विचारेल बरं वाटत नाहीये का. "मी आपला आभारी आहे" म्हणजे गणेश मंडळाच्या स्टेजवर माईक हातात घेतल्यासारखं वाटतं. आणि "थँक्यू" आपण लिफ्टमधून बाहेर पडताना पण म्हणतो, त्यात काही वजनच राहिलं नाही. मग करायचं काय? आपल्याकडे वेगळे शब्द आहेतच की. "बरं झालं तुम्ही होतात." "तुमच्यामुळे निभावलं." "तुम्ही बोलला नसता तर मी दिलंच असतं ते." या शेवटच्या वाक्यात आभार आणि कबुली दोन्ही आहे, आणि ऐकणाऱ्याला नेमकं कळतं की तिने काय केलं.

नेमकं सांगा हेच मुख्य. "तू किती हेल्पफुल आहेस गं" याचा काही उपयोग नाही, उलट असं ज्यांना म्हणतात त्यांच्यावरच पुढच्या वेळी जास्तीचं काम येतं, सगळ्यांना माहितीये हे. "काल सात नंबरचं श्वासाचं मशीन (बायपॅप) ॲलार्म देत होतं तेव्हा तू माझे बाकीचे दोन पेशंट बघितलेस, म्हणून मी तिथून हलले नाही" हे म्हणा. शक्यतो त्याच ड्युटीत, आणि जमलं तर ओव्हरमध्ये, सगळ्यांसमोर. मी आता ओव्हरच्या शेवटी नाव घेऊन एक ओळ सांगते, तीस सेकंद लागतात.

ज्यांचं तोंड आपल्याला दिसत नाही त्यांचं काय, ते विसरू नका. लॅबमधून फोन येतो, सिस्टर सॅम्पल हिमोलाइज झालंय, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्यात, परत पाठवा. आपण काय म्हणतो, अहो किती वेळा टोचायचं त्या बाईला! पण तो माणूस तसंच लावून रिपोर्ट देऊ शकला असता, पोटॅशियम खोटं वाढलेलं आलं असतं आणि त्यावर कुणीतरी ट्रिटमेंट सुरू केली असती. त्याने फोन केला म्हणजे त्याने आपल्याला वाचवलं. फार्मसीतून विचारतात हा डोस असाच आहे का, तेही तसंच. सीएसएसडीवाल्यांना, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्यांना, तर कुणी बघितलेलंच नसतं, ऑपरेशन थिएटरच्या खालच्या मजल्यावर दिवसभर वाफेत सेट पॅक करत असतात, एकदा खाली जाऊन बघा काय चालतं तिथे. दारावरचा सिक्युरिटीचा माणूस वीस नातेवाईकांच्या शिव्या झेलतो म्हणून आपण वर शांतपणे औषधं भरतो. या लोकांना तोंडी सांगाच, पण त्यांच्या सुपरवायझरलाही सांगा, त्यांच्या कानावर दिवसभर फक्त तक्रारीच जातात. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला एका लेखी ओळीचा खरोखर उपयोग होतो, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होताना.

पेढ्यांबद्दल बोलायलाच हवं. डिस्चार्ज झाला की नातेवाईक चितळ्यांचा बॉक्स आणून स्टेशनवर ठेवतात, "सगळ्या स्टाफला द्या हं", आणि तो मॉर्निंग ड्युटीतच संपतो. ज्यांनी त्या पेशंटला रात्री बारा वेळा पलटलं त्या नाईटवाल्यांना बॉक्सचं झाकण दिसतं. बॉक्स आला की आधी नाईटचा वाटा काढा, नावं लिहून फ्रिजमध्ये ठेवा, औषधांच्या नाही, पॅन्ट्रीतल्या. मग मामा मावशी, मग आपण. बारीक गोष्ट वाटते, पण वॉर्डमधली निम्मी भांडणं या बॉक्सवरून होतात असं माझं मत आहे.

१२ मेला नर्सेस डे असतो, दिवा लावतात, केक कापतात, भाषणं होतात, छान वाटतं, १ जुलैला डॉक्टर्स डे. त्या दोन्ही दिवशी खुर्च्या कोण मांडतं आणि केकचे कागद कोण उचलतं ते बघा. त्यांच्या नावाचा केक आमच्याकडे आजवर कुणी कापलेला मी तरी बघितला नाही. निदान त्या दिवशी त्यांना हॉलच्या दाराशी उभं ठेवून प्लेट हातात देऊ नका, बसवा.

कधी कधी शब्दाने भागत नाही, तिथे ड्युटीने फेडायचं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, आजूबाजूचं सगळं बंद, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रिलिव्हर पोचत नाही आणि कुणीतरी सलग दोन ड्युट्या काढतं. अशा माणसाला "थँक्यू यार" म्हणणं म्हणजे अपमान आहे जवळजवळ. तिचा एक रविवारचा नाईट घ्या, तिने मागायच्या आधी. आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्या दिवशी दोन तास आधी निघा, पायी चालायची तयारी ठेवून.

तुमचे आभार कुणी मानले तर "अहो त्यात काय एवढं" म्हणून झटकू नका. हे मला अजून जमत नाही. "हो, त्या दिवशी खरंच पळापळ झाली" एवढं म्हटलं तरी चालतं.

उशीर झाला असेल तर

तरी सांगा. माझा तर दीड वर्ष उशीर झाला होता. मावशी तोवर ते हॉस्पिटल सोडून गेल्या होत्या, कॉन्ट्रॅक्ट बदललं तसे सगळेच गेले, मी दुसऱ्या एका मावशींकडून नंबर घेतला आणि दुपारी फोन केला. काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून ठेवलं होतं तरी अडखळले. म्हणाले, त्या आजोबांना मी चुकीचं इंजेक्शन देणार होते, तुम्ही थांबवलंत, आणि ओव्हरला मी खोटं बोलले, तुमचं नाव घेतलं नाही, तुम्ही तिथेच होतात. नंतर त्याच इन्चार्ज सिस्टरना पण सांगितलं, त्या म्हणाल्या हं, एवढंच.

मावशी पलीकडे थोडा वेळ गप्प होत्या, मला वाटलं त्यांना आठवतच नसेल. मग म्हणाल्या, "अकरा नंबर, खिडकीकडचा." मला बेड नंबर आठवत नव्हता. आणि मग म्हणाल्या की गुडघा फार दुखतोय, तुमच्याकडच्या हाडाच्या डॉक्टरांचा ओपीडीचा वार कुठला ते बघून सांगता का. मी बघून सांगितलं, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते एक, लवकर या, नंबर लावून ठेवते.